डॉक्टरबाईंचा वेगळा ट्रे

१

गुरुवारी संध्याकाळी साडेसातला चार नंबरच्या टेबलावर डॉक्टरबाईंनी सुशीचा सहावा घास खाल्ला, आणि मग आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. तळहातांवर लाल चट्टे उठले होते.

"ताई," त्या मला म्हणाल्या, "यात काहीतरी आहे."

ओरडल्या नाहीत. दातांच्या डॉक्टर होत्या, रोज दुसऱ्यांची ओरड ऐकून स्वतःची विसरल्या असतील. मी त्यांच्या पर्समधलं ॲलर्जीचं इंजेक्शन काढून मांडीत टोचलं. ते कसं टोचायचं हे त्यांनीच मला दोन वर्षांपूर्वी एका संत्र्यावर शिकवलं होतं. संत्र्यावर हात थरथरत नाही. तोवर त्यांचे ओठ सुजले होते आणि घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. अकरा मिनिटांनी ॲम्ब्युलन्स आली. टेबलावर त्यांचा ट्रे, आणि ट्रेवर दोन तुकडे तसेच राहिले.

त्यांना दाणे चालत नाहीत. कुठलेच. शेंगदाणा, काजू, बदाम, अक्रोड, एक कणसुद्धा जिवावर बेतेल. हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ होतं, कारण मीच मोठ्या अक्षरांत लिहून चार ठिकाणी चिकटवलं होतं.

आमचं रेस्टॉरंट एका शांत गल्लीच्या कोपऱ्यावर आहे. आई त्याला अजून हॉटेल म्हणते आणि माझ्या धाकट्या भावाला ते झोंबतं. कमी उजेडाचे दिवे, राखाडी भिंती आणि खाद्य एका छपराखाली दोन देशांचं. पुढच्या काउंटरवर थंड काम, म्हणजे जपानी. तिथे माझा भाऊ उभा राहून मासा कापतो. वजन शंभर किलो, तरी सगळे त्याला बारक्याच म्हणतात. मागे भिंतीपलीकडे गरम काम, म्हणजे थाई. तिथे मास्तर, त्यांची कढई आणि शेंगदाण्याचं कूट. मधल्या दारात जमिनीवर पिवळी पट्टी आहे, आणि दाणा ती पट्टी ओलांडत नाही.

तेवढ्यावरही आमचं भागलं नव्हतं. बाकी गिऱ्हाइकांना काळ्या चिनी मातीच्या बशा, पण डॉक्टरबाईंसाठी बारक्याने सुताराकडून खास लाकडी ट्रे करून घेतला होता. तो दुसऱ्या कुणाला वाढायचा नाही, इतर भांड्यांबरोबर धुवायचा नाही. राहायचा तोही किचनमध्ये नाही, माझ्या काउंटरमागच्या काचेच्या कपाटात.

आठ वाजता पोलीस आले. चार नंबरचं टेबल आहे तसं झाकून दोरी बांधली आणि मास्तरांना घेऊन गेले.

मास्तरांनाच का, हे विचारायची सोय नव्हती. मागच्याच गुरुवारी डॉक्टरबाईंनी त्यांना दार लावून घ्यायला सांगितलं होतं, कुटाचा वास पुढे येतो म्हणून. मास्तर पिवळ्या पट्टीवर येऊन उभे राहिले आणि भरल्या रेस्टॉरंटमध्ये म्हणाले, "एक दाणा टाकला ना ताटात, की कळेल बाईंना खरा त्रास काय असतो."

तीस माणसं जेवत होती.

२

शुक्रवारी सकाळी दहाला अन्न खात्याच्या तपासनीस बाई आल्या. माझ्याच वयाच्या, नाक चोंदलेलं, खांद्यावर दोन पिशव्या. एकीत तपासणीचं सामान, दुसरीत त्यांचा डबा.

"मी इथलं पाणीसुद्धा घेणार नाही," त्या म्हणाल्या. "राग मानू नका, नोकरीच तसली आहे."

"माझी एक मावशी घ्यायची नाही," मी म्हटलं. "तिचा आमच्या स्वयंपाकावर विश्वास नव्हता. तुमचं निदान नोकरीचं कारण आहे."

त्या हसल्या नाहीत, पण खुर्ची ओढून बसल्या. "चार वाजता मला चौकीत कागद द्यायचाय. दोष मागच्या किचनचा असला तर तुमच्या मास्तरांवर गुन्हा दाखल होतो. नसला तर ते घरी जातात."

"आणि डॉक्टरबाई?"

"मशिनवर आहेत. त्या वाचल्या तर निष्काळजीपणा." त्यांनी समोरचा घडी केलेला रुमाल उचलला, उलगडला, आणि पुन्हा तश्शी घडी करायला गेल्या. जमली नाही. कोपरे काही केल्या जुळेनात. त्यांनी तो तसाच ठेवून दिला.

पहिली पाळी लंबूची. लंबू आमचा वाढपी, आधी बसवर कंडक्टर होता, त्यामुळे साक्ष देतानाही एक हात वर धरून उभा राहतो.

"ट्रे ताईंनी कपाटातून काढून दिला," तो म्हणाला. "बारक्याशेठनी भरला. मी नवे निळे हातमोजे घालून टेबलावर ठेवला. तीन पावलांचं अंतर आहे, बाई. मधे स्टॉप नाही."

"मागच्या किचनमध्ये गेला होतात?"

"डॉक्टरबाई आल्यापासून नाही. त्यांच्या वेळेला मी पट्टीपलीकडे जात नाही. पलीकडचं वाढप ताई करतात."

"हो, मी करते," मी म्हटलं. "पण काल मागून एकही डिश निघाली नव्हती. साडेसात म्हणजे आमच्याकडे लवकर होतं."

मग बारक्या. त्याच्याकडून साक्ष कमी आणि हुंदके जास्त निघाले. "भात मी शिजवला. मासा मी कापला. आलं माझं, सोया माझा. काय घालायचं ते माझ्या हातानं घातलं. मला न्या ना, मास्तरांना कशाला नेलंत?"

"तुम्हाला नेऊन ठेवायचं कुठे," तपासनीस बाई मऊ आवाजात म्हणाल्या आणि पिशवीतून कागदाच्या पट्ट्या काढल्या. शेंगदाण्याची वेगळी, काजूची वेगळी. दाण्याचा अंश असेल तर पट्टीवर रेघ उमटते. त्यांनी भात तपासला, मासा, सुरी, सोया, आलं, बारक्याचा फडका. दोरी उचलून आत गेल्या आणि ट्रेवरचे दोन उरलेले तुकडे तपासले. एकाही पट्टीवर रेघ नाही.

"मास्तर याशिवाय कुठले दाणे वापरतात?"

"शेंगदाणा आणि काजू," मी म्हटलं. "दुसरं काही खरेदीतच नाही. माल मीच मागवते."

बारक्याने डोळे पुसले. "मग मास्तर सुटले की."

"नाही सुटत." त्यांनी वापरलेल्या पट्ट्या एका पाकिटात बंद केल्या. "बाईंना काहीतरी बाधलंय, ते खोटं नाही. कुठून आलं ते मला सांगता आलं नाही, तर सगळे म्हणणार मास्तरांनी खिशातून आणलं. तीस साक्षीदार तयार आहेत."

तेवढ्यात दार ढकलून एक माणूस आत आला. अंगात प्रवासाचे कपडे, डोळे तांबडे, आणि नाक हुबेहूब डॉक्टरबाईंचं.

३

"कुठे आहे तो कढईवाला?" त्याने विचारलं.

हा डॉक्टरबाईंचा धाकटा भाऊ. दुसऱ्या शहरात असतो. बहिणीला नवरा नाही, मूल नाही, हाच एक. निरोप मिळाल्यावर पोहोचायला त्याला बारा तास लागले होते आणि ते बाराही तास त्याने मास्तरांना काय बोलायचं ते ठरवण्यात घालवले असणार.

"चौकीत आहे," तपासनीस बाई म्हणाल्या. "तुम्ही बसा."

"बसायला नाही आलो मी. दर गुरुवारी ती इथे यायची. मला म्हणायची, जगात एक जागा आहे जिथे मी न घाबरता जेवते." त्याने खिशातून फोन काढून टेबलावर आपटला. "हे बघा. घास घ्यायच्या आधी फोटो पाठवायची मला. दर गुरुवारी. कालचाही आलाय."

मी मान खाली घातली. बारक्या पुन्हा रडायला लागला. तपासनीस बाईंनी मात्र फोन उचलून चष्मा वर सरकवला.

"सगळे आहेत का यात?"

"म्हणजे?"

"सगळ्या गुरुवारचे फोटो."

होते. दोन वर्षांचे. त्यांनी एकेक मागे सरकवायला सुरुवात केली. इतका वेळ की भावाचा राग उभ्या उभ्या दमला आणि तो खुर्चीत टेकला. लंबूने त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. त्याने तो पाहिला आणि दूर सारला. ग्लास पुन्हा जवळ आणायचं धाडस कुणाला झालं नाही.

"मासा बदलत नाही," तपासनीस बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "भात बदलत नाही. आठच तुकडे, तिरकेच मांडलेले. तुमचा हात चांगला आहे हो." हे बारक्याला. मग त्यांनी फोन मधोमध ठेवला. "लाकूड बघा."

आम्ही वाकून बघितलं. सुरुवातीच्या फोटोंत ट्रे मधाच्या रंगाचा होता. मग हळूहळू फिका पडत गेलेला. गेल्या दोन-तीन महिन्यांत पांढुरका, सुकलेला, एका कडेला बारीक चीर. मागच्या गुरुवारचा सगळ्यात पांढरा.

आणि कालच्या फोटोत गडद. तुकतुकीत. चीरसुद्धा भरून आल्यासारखी.

त्या उठल्या, दोरीपलीकडे गेल्या. ट्रेच्या मोकळ्या भागावर टिपकागद ठेवला, त्यावर गरम पाण्यात पिळलेला फडका दाबून धरला. थोड्या वेळाने कागद वाळल्यावर उजेडासमोर धरला. कागदाला आरपार दिसणारा डाग पडला होता.

"तेल," त्या म्हणाल्या. "सुशीचा भात अंगाच्या उबेइतका कोमट असतो, हो ना? तो लाकडावर ठेवला की तेल शोषून घेणारच. आणि फोटोंत कुठेच काड्या नाहीत, म्हणजे बाई हातानं खायच्या. म्हणून चट्टे आधी हातावर उठले." चोंदलेल्या नाकामुळे त्यांना वास येत नव्हता. त्यांनी कागद बारक्यापुढे धरला. तो हुंगून म्हणाला, "खोबरेल नाही. तिळाचंही नाही. हे माझ्या किचनमधलं तेलच नाही."

"मास्तर या कपाटाला हात लावतात?"

"पट्टीच्या पुढे येत नाहीत ते," लंबू म्हणाला. "आले ते एकदाच. बोलायला."

"मग मागच्या गुरुवारनंतर आणि कालच्या आधी हा ट्रे कोणी बाहेर काढला होता?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कपाट माझ्या पाठीशी असतं.

"आठवून सांगते," मी म्हटलं. पण जिना चढायच्या आधीच मला आठवलं होतं.

४

आम्ही वरच राहतो. आई खिडकीत बसून रुमालांच्या घड्या घालत होती. दुपारी ती खाली येऊन हे काम करते. आज खाली येऊ नकोस सांगितलं होतं, म्हणून तिने गठ्ठा वर मागवून घेतला होता.

"आली का शुद्धीवर?" तिने विचारलं.

"नाही अजून. आई, बुधवारी ट्रेला काय लावलंस?"

"तेल. तुला विचारून लावलं." तिने हातातली घडी पुरी केली, मगच वर पाहिलं. "लाकूड वाळून चिरलं होतं. ती हातानं खाते. एखादं कुसळ बोटात गेलं असतं म्हणजे? तिच्या बोटांवर तिचं पोट आहे."

आईची कवळी डॉक्टरबाईंनी बसवली होती. तीन वेळा घासून, दुखणार नाही अशी करून दिली होती, आणि आई त्यांच्याविषयी बोलताना नेहमी असंच बोलते, पोटच्या मुलीसारखं. माझ्याविषयी बोलते त्याहून बरं.

"कुठलं तेल?"

"सुतारानं ट्रेबरोबर दिलेलं. फळीवर आहे बघ. भिंग घेऊन तीनदा वाचलं मी. उगाच फर्निचरचं पॉलिश असायचं आणि बिचारीच्या पोटात जायचं."

बाटली हिरव्या काचेची होती. पुढे ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: लाकडी भांड्यांसाठी. अन्नाला सुरक्षित. मी बाटली फिरवली. मागे तळाशी, जिथे भिंगातूनही मुंग्याच दिसल्या असत्या, तिथे होतं: घाण्यावर काढलेलं शुद्ध अक्रोड तेल.

बुधवारची दुपार मला सबंध दिसली. मी काउंटरवर, फोन कानाशी, कुणीतरी आठ जणांचं टेबल मागत होतं. आई समोर उभी, एका हातात ट्रे, एका हातात ही बाटली. "हे लावू का गं? अन्नाला चालतं म्हणे." मी बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. फोनवर हात ठेवला आणि म्हटलं, "हो हो, लाव."

चार ठिकाणी चिकटवलेल्या त्या मोठ्या अक्षरांतल्या कागदांपैकी एक माझ्या बरोबर समोर होता.

"का गं? डाग पडला का?" आई म्हणाली.

"नाही. छान झालाय."

मी बाटली ओढणीत गुंडाळली आणि खाली आले.

५

"मी लावलं," मी बाटली टेबलावर ठेवून म्हटलं. "अक्रोडाचं आहे. मागचं वाचायचं राहिलं. मास्तरांचा काही संबंध नाही. लिहा."

डॉक्टरबाईंच्या भावाने बाटली उचलली, मागची अक्षरं वाचली, आणि ठेवून दिली. बारक्या माझ्याकडे बघत राहिला. बाटली कुठल्या फळीवर असते हे त्याला माहीत होतं.

तपासनीस बाईंनी पेन उघडलं, पण कागदाला टेकवलं नाही. "बुधवारी लावलंत?"

"हो."

"किती वेळ लागला?"

"पाच मिनिटं."

"ताई," त्या म्हणाल्या, "मी दहा वाजल्यापासून बघतेय. तुम्ही सहा वेळा बसलात आणि सहाही वेळा पुरतं टेकायच्या आत उठलात. हा ट्रे पाच मिनिटांत झालेला नाही. हात लावला तर चिकटत नाही, इतकं पातळ तेल, थर मुरू देऊन पुन्हा थर. कडा, खाच, खालची बाजूसुद्धा. यात कुणाची तरी सबंध दुपार गेलीय. ज्या माणसाला घाई नाही आणि ज्याचं या ट्रेच्या मालकिणीवर प्रेम आहे, त्याचं काम आहे हे." त्यांनी तो सकाळचा चुरगळलेला रुमाल माझ्यासमोर ठेवला. "मला याची घडी जमली नाही. या घड्या कोण घालतं?"

मी रुमाल उचलून त्याचे कोपरे जुळवायला लागले.

"मला सांगायला आवडत नाही," त्या म्हणाल्या. "पण खोटी कबुली टिकत नाही. उद्या कुणी विचारलं आणि तुम्ही अडखळलात, की संशय पुन्हा मास्तरांवर जाईल. त्यांना सोडवायचं असेल तर खरंच सांगावं लागेल."

म्हणजे एकीकडे मास्तर, ज्यांनी तोंड चालवण्यापलीकडे काही केलं नव्हतं, आणि दुसरीकडे माझी शहात्तर वर्षांची आई, जिने तीनदा वाचून खात्री केली होती. तिसरा रस्ता मी शोधत होते. बाईंच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांनीही शोधून पाहिलाय.

"तेल लावलं आईनं," मी म्हटलं. "पण विचारून. मी बघितलं नाही आणि हो म्हटलं. तिला अक्रोडाचं माहीत नाही. माहीत व्हायला नको. एवढं करा ना."

"अक्रोडाचं होतं?"

आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हातात भिंग. माझा चेहरा बघून मागोमाग उतरली असणार. मी आयुष्यात तिच्यापासून एकही गोष्ट नीट लपवू शकलेले नाही.

बारक्या पुढे झाला, तर तिने हातानेच त्याला थांबवलं आणि आपली आपण खुर्चीपर्यंत आली.

"बाई, माझं नाव घाला," ती तपासनीस बाईंना म्हणाली. "वयसुद्धा लिहा. सगळं लिहा. हिने नुसतं हो म्हटलं."

"आजी, नुसतं हो म्हणणं हेच तर," तपासनीस बाई म्हणाल्या, आणि वाक्य तिथेच सोडलं. त्यांनी कागद वळवून आम्हाला दाखवला. जबाबदार व्यक्तीसाठी एकच ओळ होती. "खात्याला वाटतं चूक एका वेळी एकच माणूस करतो."

मग त्यांनी लिहिलं. मागच्या किचनचा दोष नाही, हे आधी लिहिलं आणि खाली रेघ मारली. ओळीवर माझं नाव घातलं. गिऱ्हाइकाची काळजी माझ्याकडे होती आणि संमती माझी होती, म्हणून. आईचं नाव हकिगतीत आलं, ते टाळता येणार नव्हतं. पुढे काय होणार ते बाईंना ठाऊक नव्हतं, तसं त्या म्हणाल्याही. रेस्टॉरंटला त्या दिवसापासून कुलूप.

डॉक्टरबाईंच्या भावाने फोन खिशात टाकला. बारा तास ज्याच्यासाठी शब्द जमवले होते तो माणूसच उरला नव्हता, आणि समोर बसली होती ती एक म्हातारी, जिने त्याच्या बहिणीच्या बोटात कुसळ जाऊ नये म्हणून दुपार घालवली होती. तो आईसमोर क्षणभर उभा राहिला. मग तसाच बाहेर पडला.

साडेचारला मास्तर चौकीतून आले. आत जाऊन कढई घासली, पालथी घातली, आणि जाताना मला म्हणाले, "ताई, मी बोललो ते मनात नव्हतं माझ्या."

"माहीत आहे, मास्तर."

"त्या बाईंना माहीत आहे का?"



६

आईला हॉस्पिटलमध्ये जायचंच होतं. मी म्हटलं, आत सोडणार नाहीत. ती म्हणाली, बाहेर बसेन. मी म्हटलं, त्यांचा भाऊ तिथे असेल, त्याला काय वाटेल. ती म्हणाली, "जे वाटायचंय ते मला बघून वाटू दे. घरी बसून मला सुचणार नाही."

तो होता. अतिदक्षता विभागाबाहेर तीन खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, आणि तो मधल्या खुर्चीवर. आम्हाला पाहून त्याने नजर फिरवली. पण थोड्या वेळाने उठून कडेच्या खुर्चीवर सरकला, कारण आईला उभं राहवत नव्हतं आणि ते कुणालाही दिसलं असतं.

आम्ही बसलो. तो, मध्ये आई, मग मी. समोरच्या दाराला गोल काच होती, तिच्यातून नुसता पांढरा उजेड दिसायचा. आत कुठेतरी एक मशिन ठरावीक वेळाने आवाज करत होतं आणि प्रत्येक आवाजानंतर आम्ही तिघंही पुढच्याची वाट बघत होतो. आईला मला सांगायचं होतं की चूक तुझी नव्हे. मी तिला तेच सांगितलं असतं.

"ती तुमच्याबद्दल बोलायची," तो अचानक म्हणाला. दाराकडेच बघत. "कवळीवाल्या आजी म्हणून."

आई म्हणाली, "दुखत नाही अजिबात. इतकी चांगली बसवली आहे."

आईने एकदाच डोळे टिपले, भिंग अजून हातातच आहे हे तिच्या लक्षात आलं, आणि ते कुठे ठेवावं ते न कळून तिने ते मांडीवर धरून ठेवलं.

सहा वाजता दार उघडलं. नर्स बाहेर आली. तोंडावर मास्क होता, त्यामुळे चेहऱ्यावरून काही समजायला मार्ग नव्हता.

"डॉक्टरबाईंचं कोण आहे?"

आधी तो उठला. मग मी उठले. आईला गुडघ्यांमुळे वेळ लागला. त्याने हात पुढे केला नाही, पण ती उभी राहीपर्यंत तोही दारापाशी थांबला.